ए-फ्रेममधला तीन सेंटिमीटरचा फरक : समद्विभुज त्रिकोणाचे गुणधर्म आणि चुकलेले समतल चर

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका अवर्षणप्रवण तालुक्यातलं गाव. गावाच्या वरच्या अंगाला मुरमाड माळ आहे. त्याचा उतार साधारण 10 टक्के, म्हणजे दहा मीटर चालून गेलं की एक मीटर चढ. उन्हाळ्यात श्रमदानातून या माळावर सलग समतल चर काढायचे ठरले. एकूण नऊ रेघा, प्रत्येक रेघ सुमारे 30 मीटर लांब, दोन रेघांमध्ये 10 मीटर अंतर. चर 60 सेमी रुंद आणि 30 सेमी खोल. निघालेली माती चराच्या खालच्या अंगाला, थोडी जागा सोडून, बांधासारखी रचायची. काम नेहमीप्रमाणे माथ्याकडून पायथ्याकडे.

अशा चरात सगळा भर आखणीवर असतो. रेघ खरोखर एका पातळीत असेल, तर पाणी चराच्या पूर्ण लांबीवर सारखं थांबतं आणि तिथेच मुरतं. रेघ तिरकी गेली की तो चर राहत नाही, पाट होतो. सगळं पाणी एका टोकाला धावतं आणि तिथला बांध फोडतं.

आखणी गावातल्या माध्यमिक शाळेच्या नववीच्या मुलामुलींकडे होती. सोबत त्यांच्या गणिताच्या बाई. साधन म्हणून ए-फ्रेम घेतली, कारण ती गावातच बनते आणि पैसे लागतात ते फक्त नट-बोल्टाचे.

फ्रेमची मापं अशी ठरली होती. दोन बांबू वरच्या टोकाला एका बोल्टने जोडायचे. या बोल्टला अ म्हणू. बांबूंची खालची टोकं, म्हणजे फ्रेमचे पाय, ब आणि क. बोल्टपासून प्रत्येक पाय 195 सेमी. बोल्टपासून 130 सेमी अंतरावर दोन्ही बांबूंना एक आडवी काठी जोडायची. तिचे सांधे द आणि इ, त्यांच्यातलं अंतर 100 सेमी. काठीच्या बरोबर मध्यावर खूण म. अ पासून दोरी सोडून तिला ओळंबा बांधायचा. अशा फ्रेमच्या पायांत 150 सेमी अंतर पडतं आणि अ ची पायांपासूनची उंची 180 सेमी येते. ही मापं मुद्दाम निवडलेली होती. 75, 180, 195 हे 5, 12, 13 या त्रिकुटाचे पंधरापट आहेत, त्यामुळे मुलांना पायथागोरसने पडताळा घेता येतो.

वापरायची रीत सोपी. मागचा पाय आधीच्या खुणेवर ठेवायचा, पुढचा पाय उतारावर वर-खाली सरकवत राहायचं, आणि दोरी म वरून गेली की पुढच्या पायाशी फक्कीची खूण करायची.

हे चालतं कशामुळे? एकात एक बसलेल्या दोन समद्विभुज त्रिकोणांमुळे. हे दोन त्रिकोण वेगवेगळे ओळखता आले नाहीत, तर पुढचं काहीच उलगडणार नाही.

पहिला त्रिकोण अदइ. पक्ष : अद = अइ आणि दम = मइ. अम ही भुजा सामाईक. बाबाबा (बाजू-बाजू-बाजू) कसोटीने △अदम ≅ △अइम, म्हणून ∠अमद = ∠अमइ. हे दोन कोन रेषीय जोडीतले आहेत, म्हणून प्रत्येक 90°. दोरी म वरून जाते तेव्हा ती अम वर असते आणि दोरी नेहमी ओळंब्यात असते. म्हणून आडवी काठी पातळीत.

पण काठी पातळीत असली म्हणजे पाय पातळीत असतील असं नाही. त्यासाठी दुसरा त्रिकोण लागतो, अबक. अब = अक असेल तर ∠ब = ∠क, आणि प्रत्येक कोन (180° − ∠अ) च्या निम्मा. △अदइ मध्येही द आणि इ चे कोन तेवढेच येतात, कारण ∠अ तोच आहे. संगत कोन सारखे, म्हणून दइ ∥ बक. काठी पातळीत, म्हणून पायांना जोडणारी रेषाही पातळीत.

अडचण

नऊपैकी वरच्या पाच रेघा सकाळच्या गटाने आखल्या, खालच्या चार संध्याकाळच्या गटाने. फ्रेम एकच होती. मेअखेर वळवाचा एक जोरदार पाऊस पडला, तेव्हा सकाळच्या पाचही रेघा आणि संध्याकाळच्या दोन, म्हणजे सहावी आणि सातवी, खोदून झाल्या होत्या. आठवी आणि नववी फक्त फक्कीने आखलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर वरच्या पाच चरांत पाणी बऱ्यापैकी सारखं पसरलेलं. सहाव्या चरात मात्र सगळं पाणी डाव्या टोकाला, आणि तिथला बांध फुटलेला. सातव्यात पाणी उजव्या टोकाला तुंबलेलं, डावा अर्धा भाग कोरडा.

लगेच तीन कारणं पुढे आली. एक, संध्याकाळी वारा असतो, दोरी हलत राहते. दोन, खालच्या भागात माती भुसभुशीत आहे, फ्रेमचा पाय रुतला असेल. तीन, संध्याकाळच्या गटाने लक्ष दिलं नाही. तिसरं कारण सगळ्यांत सोपं आणि मुलांना सगळ्यांत लागणारं. बाईंनी ते आधी बाजूला ठेवलं आणि तिन्ही कारणांना एकच प्रश्न लावला : चूक नेहमी एकाच दिशेला का गेली?

वाऱ्याने दोरी हलली तर खूण कधी वर पडेल, कधी खाली. वीस खुणांत अशा चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खाऊन टाकतात. रुतणाऱ्या पायाचंही तसंच. इथे सहावी रेघ डावीकडून उजवीकडे आखली होती आणि पाणी डावीकडे आलं. सातवी उजवीकडून डावीकडे आखली होती आणि पाणी उजवीकडे आलं. दोन्ही वेळा पाणी तिथेच जमलं, जिथून आखणी सुरू झाली होती. म्हणजे दोन्ही रेघा चालण्याच्या दिशेने चढत गेल्या. माळाचा उतार किंवा वारा चालण्याच्या दिशेप्रमाणे बदलत नाही. बदलते ती फक्त फ्रेम धरण्याची रीत.

आणखी दोन खाणाखुणा आधीपासून दिसत होत्या, पण त्यांचा अर्थ कोणी लावला नव्हता. सकाळच्या रेघांवर फक्कीचे ठिपके एकाआड एक आत-बाहेर पडले होते, साधारण वीत-सव्वा वीत. गटाने ते नजरेने सरळ करून मधून रेघ ओढली होती. आणि पाचव्या-सहाव्या रेघेतलं अंतर डाव्या टोकाला 10 मीटर, उजव्या टोकाला जेमतेम साडेचार मीटर होतं. उतार तिकडे जास्त असेल, असं म्हणून ते सोडून दिलं गेलं. उतार खरोखर वाढला तर समतल रेघा जवळ येतातच, त्यामुळे हे स्पष्टीकरण पटण्यासारखं होतं. फक्त उतार मोजून पाहिला नव्हता.

निदान

दोन्ही गटांना फ्रेम चालवून दाखवायला सांगितलं. फरक तिथेच दिसला.

सकाळचा गट फ्रेम फिरवत नेत होता. पुढचा पाय जागेवर ठेवून त्याच्याभोवती मागचा पाय गोल फिरवून पुढे आणायचा. म्हणजे एकदा ब पुढे, एकदा क पुढे. संध्याकाळचा गट दोघांनी फ्रेम उचलून जशीच्या तशी पुढे ठेवत होता. त्यांच्या एका पायाला लाल चिंधी बांधली होती, आणि घोळ नको म्हणून त्यांनी शिस्तच लावून घेतली होती : लाल पाय नेहमी पुढे. तो पाय क.

आता पावसाच्या खुणांचा अर्थ लागला. फ्रेममध्येच एक ठरावीक चूक असेल, आणि क पाय दर वेळी थोडा वर राहत असेल, तर उचलून नेणाऱ्या गटाची चूक पावलागणिक साठत जाईल. फिरवत नेणाऱ्या गटाची एका पावलाला वर, पुढच्याला खाली अशी फिटत जाईल. 10 टक्के उतारावर 2.8 सेमी उंचीचा फरक म्हणजे जमिनीवर 28 सेमी. सकाळचे ठिपके आत-बाहेर पडले होते ते यामुळे.

चूक नेमकी किती, हे काढायला गावातले एक निवृत्त गवंडी, आप्पा, मदतीला आले. गवंडी स्पिरिट लेव्हल खरी आहे का हे तपासताना ती त्याच जागी उलटी करून ठेवतात. आप्पांनी फ्रेमलाही तेच लावलं. दोन दगडांवर पाय ठेवले, दोरी काठीवर जिथे आली तिथे पेन्सिलने खूण केली. मग पायांची अदलाबदल करून फ्रेम त्याच दगडांवर ठेवली आणि दुसरी खूण केली.

फ्रेम समद्विभुज असती, तर या दोन खुणा म पासून सारख्याच अंतरावर आल्या असत्या. दगड खाली-वर असले तरी चालतं, दोन्ही खुणा फक्त म पासून लांब जातात. इथे एक खूण म पासून क च्या बाजूला 6.2 सेमी आली, दुसरी ब च्या बाजूला 1.8 सेमी. दोहोंचा मध्य क च्या बाजूला 2.2 सेमी. म्हणजे या फ्रेमची खरी पातळीची खूण म नव्हतीच.

"टेप लावा," बाई म्हणाल्या. बांबू शेजारी शेजारी उभे केले तर दोन्ही 200 सेमी. काठीचे सांधे बोल्टपासून 130 आणि 130. सगळं बरोबर. मग एका मुलीने बोल्टचं भोक दाखवलं. "बाई, बांबू सारखे आहेत, पण भोकं सारखी नाहीत."

एका बांबूला भोक वरच्या टोकापासून 5 सेमीवर पाडलं होतं, दुसऱ्याला 8 सेमीवर. त्या ठिकाणी पेर आलं होतं, फुटू नये म्हणून गिरमिट थोडं खाली लावलं होतं. त्रिकोणाची भुजा बोल्टपासून पायाच्या टोकापर्यंत मोजायची असते. ती एका बाजूला 195 आणि दुसऱ्या बाजूला 192 होती. काठीच्या सांध्यांचं माप बोल्टपासून घेतल्यामुळे ते बिनचूक आलं. पायांचं माप बांबूच्या टोकापासून घेतलं गेलं आणि तिथे फसगत झाली.

थोडक्यात, △अदइ समद्विभुज होता, △अबक नव्हता. पहिली कडी शाबूत होती, म्हणून दोरी म वर आली की काठी खरोखरच पातळीत यायची. दुसरी कडी तुटलेली होती, म्हणून दइ आणि बक समांतर नव्हत्या.

हिशेब असा. काठी पातळीत असताना ब ची अ पासून खोली 195 × 12/13 = 180 सेमी. क ची 192 × 12/13 = 177.2 सेमी. फरक 2.8 सेमी. दर पावलाला क पाय इतका वर. पाऊल आडवं मोजलं तर 148.8 सेमीचं. वीस पावलांत रेघ 29.8 मीटर पुढे जाते आणि सुमारे 55 सेमी चढते. 10 टक्के उतारावर 55 सेमी म्हणजे साडेपाच मीटर. पाचव्या-सहाव्या रेघेतलं दहाचं अंतर साडेचारावर आलं, ते नेमकं याच हिशेबाने. आप्पांनी पाण्याच्या नळीने (पाणी भरलेली पारदर्शक नळी, तिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहतं) सहाव्या रेघेची दोन टोकं ताडून पाहिली, तर फरक अर्ध्या मीटरहून थोडा जास्त भरला.

बाईंनी याच आकड्यांवर फळ्यावर आणखी एक गोष्ट काढून घेतली. भुजा 195 आणि 192, पाया (बक) 148.9 सेमी, अशा त्रिकोणात अ पासून निघणाऱ्या तीन रेषा पायाला कुठे भेटतात? ब पासून मोजलं तर मध्यगा 74.4 सेमीवर, कोनदुभाजक 75.0 वर आणि शिरोलंब 78.3 वर. दोन्ही भुजा सारख्या असत्या तर तिन्ही एकाच बिंदूत आल्या असत्या. दोन मीटरच्या बांबूत तीन सेंटिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण मध्यगा आणि शिरोलंब यांच्यात तो जवळपास चार सेंटिमीटर होऊन बसतो. मध्यगा आणि कोनदुभाजक मात्र अर्धा सेंटिमीटरच लांब होतात. तीन रेषा एकत्र असतात हे पाठ केलेल्या विद्यार्थ्याला त्या एकत्र का असतात, आणि सुटताना कोणती किती सुटते, हे इथे आकड्यांत दिसतं.

ही चूक वहीतही जशीच्या तशी आढळते. समद्विभुज त्रिकोणाच्या प्रमेयाची सिद्धता लिहिताना कित्येक मुलं रचनेत लिहितात : "मध्यगा अम काढा, अशी की अम ⊥ बक." एका रेषेवर दोन अटी एकदम घालता येत नाहीत. मध्यगा काढली तर लंब सिद्ध करावा लागतो, लंब काढला तर मध्य. पुस्तकात शिरोकोनाचा दुभाजक काढून बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटी लावतात, कारण तिथे रचनेत एकच अट आहे आणि अब = अक हा पक्ष खरोखर वापरला जातो. फ्रेम बनवणाऱ्यांनी मध्य काढला आणि लंब गृहीत धरला. ज्या पक्षावर तो लंब उभा आहे, तो तपासायचा राहिला.

आप्पांच्या उलटापालटीलाही गणितात जुना जोडीदार आहे. समद्विभुज त्रिकोणाच्या पायाचे कोन समान असतात हे यूक्लिडच्या पहिल्या पुस्तकातलं पाचवं विधान. त्याची सिद्धता त्याने भुजा खाली वाढवून, बरीच रेखाटणं करून दिली. इसवी सनाच्या चौथ्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या पॅपस या गणितज्ञाची म्हणून जी सिद्धता सांगितली जाते, तिला एकही रेषा लागत नाही. △अबक ची तुलना △अकब शी करायची, म्हणजे तोच त्रिकोण उलटा. अब = अक, अक = अब, ∠अ सामाईक. बाकोबाने दोन्ही एकरूप, म्हणून ∠ब = ∠क. दगडांवर पायांची अदलाबदल केली तेव्हा हीच तुलना बांबूच्या त्रिकोणावर झाली होती.

पर्याय

फ्रेमबाबत चार पर्याय समोर होते.

म सोडून 2.2 सेमीवरची खूण धरायची. हे गणिताने पूर्ण बरोबर आहे. उलटापालटीने काढलेली खूण फ्रेम समद्विभुज नसली तरी चालते, कारण तिचा आधार भुजांची समानता नाही, प्रत्यक्ष शिरोलंब आहे. काठी बक ला अगदी समांतर नसल्याने दोन खुणांचा मध्य आणि खरा बिंदू यांत किंचित फरक पडतो, पण या फ्रेममध्ये तो मिलिमीटरच्या काही भागाएवढाच. आप्पांचा कल या पर्यायाकडे होता : काम लगेच सुरू. बाईंचा आक्षेप व्यवहारी होता. काठीच्या मध्यापासून हटलेली खूण पाहून पुढच्या वेळी कोणीतरी ती "दुरुस्त" करून मध्यावर आणेल.

लांब पाय 3 सेमी कापायचा. यात करवत आणि दहा मिनिटं, एवढाच खर्च.

कोन मोजून खात्री करायची. ही सूचना एका विद्यार्थ्याची. प्रमेयाचा व्यत्यास सांगतो की दोन कोन एकरूप असतील तर त्यांच्यासमोरच्या भुजा एकरूप असतात, मग पायांशी कोन मोजले तर? विचार चोख होता, पण साधन तोकडं. या फ्रेममध्ये ∠ब 66.3° आणि ∠क 68.4°, फरक दोन अंशांचा. कंपासपेटीतला कोनमापक जाड, गोल बांबूवर लावून दोन अंश खात्रीने वाचता येत नाहीत. टेपने 3 सेमी सहज वाचता येतात. शिवाय एक सेमीची चूक असती तर कोनांतला फरक पाऊण अंशाच्या आसपास राहिला असता, आणि तीही वीस पावलांत रेघ 18 सेमी चढवते.

ए-फ्रेम सोडून पाण्याच्या नळीने आखायचं. अचूकता चांगली, पण नळीत बुडबुडे राहिले की तीही फसवते, आणि दर खुणेला पाणी स्थिर व्हायची वाट पाहावी लागते. हा पर्याय पडताळणीपुरता ठेवला.

खोदून झालेल्या दोन चरांचा प्रश्न जास्त कठीण होता. ते बुजवून नव्याने खोदायचे की आहेत तसे सुधारायचे? इथेही आकडे मांडले. 30 मीटर लांब, 60 सेमी रुंद, 30 सेमी खोल चरात पूर्ण भरल्यावर 5,400 लिटर पाणी मावतं. दर मीटरला 1.86 सेमी उतार असेल, तर खालच्या टोकाला 30 सेमी पाणी उभं राहतं आणि ते कमी होत होत 16 मीटरवर संपतं. साठा सुमारे 1,450 लिटर, म्हणजे जेमतेम पाव भाग. त्याच चरात दर पाच मीटरला 30 सेमी जाडीचा मातीचा अडसर घातला, तर प्रत्येक गाळ्यात उतार फक्त 9.3 सेमीचा उरतो आणि पाण्याची सरासरी खोली 25 सेमीच्या वर राहते. अडसरांची जागा वजा जाता साठा सुमारे 4,300 लिटर. नव्याने खोदण्यात दोन दिवसांचं श्रमदान जाणार होतं आणि पाऊस तोंडावर होता.

काय केले

लांब पाय कापला. कापताना माप बोल्टच्या मध्यापासून घेतलं, बांबूच्या टोकापासून नाही. दोन्ही भुजा 192 सेमी झाल्या, पायांतलं अंतर 147.7 सेमी. हे अंतर बदललं म्हणून काही बिघडत नाही. पाय जवळ असोत की लांब, अब = अक आणि अद = अइ एवढंच राखायचं असतं.

मग पुन्हा उलटापालट. या वेळी दोन खुणा म पासून दोन्हीकडे 4.1 आणि 4.0 सेमीवर आल्या. उरलेला फरक पेन्सिलच्या रेघेच्या जाडीतला होता. तरीही खूण म्हणून धरला तो या दोहोंचा मध्य, टेपने काढलेला मध्य नाही.

काठीचे सांधे सुतळीचे होते, तिथे नट-बोल्ट बसवले. सांधा सरकला तर काय होतं तेही मोजून पाहिलं : दोन्ही पाय सारखे ठेवून एकीकडचा सांधा 3 सेमी वर घेतला, तर दर पावलाला चूक सुमारे 0.7 सेमी येते. पायातल्या तेवढ्याच फरकाने ती 2.8 सेमी येत होती. म्हणून वेळ कमी असेल तर आधी पाय तपासायचे, नंतर सांधे.

ओळंबा म्हणून लहान दगड होता, त्याऐवजी अर्ध्या किलोचा लोखंडी गोळा बांधला. दोरी काठीला घासत असेल तर फ्रेम पुढे-मागे कलली आहे असं समजायचं आणि ती सरळ करूनच वाचायचं. भुसभुशीत जागी पायाखाली चपटा दगड ठेवायचा.

चालवण्याची रीत दोन्ही गटांना एकच दिली : फ्रेम फिरवत न्यायची, उचलून नाही. लाल चिंधी तशीच ठेवली, पण तिचं काम बदललं. आता एकाआड एक खुणेवर लाल पाय आला पाहिजे.

आठवी आणि नववी रेघ पुसून पुन्हा आखली. सहाव्या आणि सातव्या चरात अडसर घातले, सहाव्याचा फुटलेला बांध दगड लावून बांधला.

परिणाम

नव्या आठव्या रेघेची दोन टोकं पाण्याच्या नळीने ताडली. 30 मीटरमध्ये फरक 2 सेमीच्या आत होता. ठिपक्यांचं आत-बाहेर जाणंही थांबलं. फिरवत नेताना ते थांबलं, याचाच अर्थ फ्रेम आता समद्विभुज आहे. रेघ आखता आखता मिळणारी ही फुकटची तपासणी आहे : ठिपके एकाआड एक आत-बाहेर पडायला लागले की काम थांबवून पाय मोजायचे.

जूनच्या पावसात आठव्या-नवव्या चरांत पाणी टोकापासून टोकापर्यंत राहिलं. सहाव्या-सातव्यात ते गाळ्यागाळ्यांत राहिलं. एक अडसर वरून वाहून खचला, कारण तो मोकळ्या मातीचा होता आणि नीट धुमसला नव्हता. पाचव्या-सहाव्या रेघेतली अरुंद झालेली जागा तशीच आहे, तिथे झाडं लावली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला निर्णयाचा क्षण फ्रेम बनवतानाचा. बांबू शेजारी उभे करून सारखे आहेत हे पाहिलं गेलं, आणि ती तपासणी प्रामाणिकपणे केलेली होती. पण ती तपासणी चुकीच्या लांबीची होती. दोन्ही बांबू एकावर एक घट्ट बांधून एकाच वेळी आरपार भोक पाडलं असतं आणि खालची टोकं एकाच करवतीने कापली असती, तर मोजायचीही गरज पडली नसती. पेर आडवं आलं असतं तरी दोन्हीकडे सारखंच सरकलं असतं.

दुसरा क्षण पहिल्या रेघेआधीचा. दोन दगडांवरची उलटापालट पाच मिनिटांची. ती झाली असती तर 6.2 आणि 1.8 हे आकडे पहिल्याच दिवशी दिसले असते.

तिसरा क्षण सकाळच्या गटाचा, आणि तोच हळहळ लावणारा आहे. आत-बाहेर पडणारे ठिपके त्यांनी नजरेने सरळ केले. समतल रेघ आखताना असं करतातच, पण ते ठिपके इतक्या नेमाने एकाआड एक का पडतात हे विचारलं गेलं नाही. त्यांची रेघ बरोबर आली ती चूक जोडीजोडीने फिटली म्हणून. पावलांची संख्या सम होती हेही त्यात आलं. विषम असती तर शेवटचा ठिपका 2.8 सेमीने चुकला असता.

चौथा क्षण पाचव्या-सहाव्या रेघेतलं अंतर घटलेलं दिसलं तेव्हाचा. तिथला उतार फ्रेमशिवायही मोजता येतो : एक मीटरची पट्टी आडवी धरून तिच्या टोकापासून जमीन किती खाली आहे ते पाहायचं. दहाच्या आसपास सेंटिमीटर आले असते आणि उतार वाढल्याचं कारण तिथेच बाद झालं असतं. सहावा चर मग खोदला गेला नसता.

वर्गासाठी बाईंनी यातून दोन प्रश्न तयार केले. पहिला : △अदइ समद्विभुज आहे, △अबक नाही. दोरी म वर असताना कोणती रेषा पातळीत आहे आणि कोणती नाही, कारणासह लिहा. दुसरा : अब = अक आहे, पण अद आणि अइ सारखे नाहीत. म हा दइ चा मध्य असेल तर अम हा ∠अ चा दुभाजक असेल का? दुसऱ्या प्रश्नात बरीच मुलं अजूनही "हो" लिहितात, कारण आकृतीत △अबक समद्विभुज दिसतो आणि तो गुणधर्म आतल्या त्रिकोणालाही आपोआप मिळतो असं वाटतं. अशा उत्तरापुढे बाई आता बरोबर-चूक लिहीत नाहीत. एक ओळ लिहून वही परत देतात : कोणत्या दोन भुजा एकरूप आहेत, त्यांची नावं लिहा.

फ्रेम शाळेच्या व्हरांड्यात ठेवली आहे. पाय जमिनीवर घासून झिजतात आणि दोन्ही सारखेच झिजतील याची खात्री नसते, म्हणून काठीवर रंगाने दोन सूचना लिहिल्या आहेत : "बोल्टपासून पाय मोजा" आणि "नव्या रेघेआधी उलटी करून बघा."